मराठीत खेळकर हस्ताक्षरी फॉन्ट: तयार घ्यावा की घरी करावा?

प्रश्न इंदूरमधूनच आला आहे. सुट्टीतलं बालनाट्य शिबिर चालवणाऱ्या एका ताईंना पत्रकं, रंगमंचामागच्या सूचना आणि खाऊच्या स्टॉलची पाटी यांसाठी ‘मुलांनी मार्करनं काढल्यासारखं’ अक्षर हवं आहे. इंग्रजीत असे फॉन्ट ढिगानं मिळतात, मराठीत तयार आहेत का, असं त्या विचारतात. धाकट्या बहिणीचं अक्षर गमतीदार आहे, त्यावरून घरीच फॉन्ट करता येईल का? आणि फ्लेक्सवाला म्हणतो ‘कृतिदेव में दे दो’, म्हणजे मजकूर त्या जुन्या फॉन्टमध्ये द्या, त्याचं काय करायचं?

ताई, शिबिर याच सुट्टीत असेल तर फॉन्ट करायला बसू नका, तयार घ्या. बहिणीच्या अक्षराचा फॉन्ट नक्की होईल, पण ते पुढच्या वर्षीचं काम समजा. देवनागरी फॉन्ट म्हणजे ‘अ’ ते ‘ज्ञ’ नव्हे. जोडाक्षरं, वेलांट्यांची रूपं, रफार, उकार असं सगळं धरलं तर साध्या शीर्षकापुरत्या फॉन्टमध्येही साडेतीनशे-चारशे आकृत्या सहज होतात.

तयार फॉन्टपैकी चांगले पाच गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली. म्हणजे तिकीट लावून नाटक केलंत तरी वापरता येतात, फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही. ‘बालू’ मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा. गुबगुबीत, गोल टोकांचा, आणि शिस्तीचा. त्याचं कुटुंब भारतातल्या ९ लिप्यांत पसरलंय आणि नावंही त्या त्या भाषेतली ठेवली आहेत: गुजरातीला भाई, बंगालीला दा, गुरुमुखीला पाजी, मल्याळमला चेट्टन. पत्रकासाठी मी डोळे मिटून हाच देईन, कारण याची वेगवेगळी वजनं, म्हणजे जाड-बारीक रूपं, मिळतात आणि एकाच पानावर मोठं-बारीक दोन्ही निभतं. ‘मोदक’ही त्यांचाच. इतका फुगलेला की अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ मिटलीच आहे. नाटकाच्या नावाला झकास, पण दोन-तीन शब्दांपलीकडे नेऊ नका आणि बारीक आकारात तर मुळीच वापरू नका, नुसते डाग दिसतील. ‘कलम’ आणि ‘तिल्लाना’ इंडियन टाइप फाउंड्रीचे. कलम हे घाईत लिहिलेल्या वहीतलं अक्षर आहे, मंचामागच्या सूचनांना शोभतं. तिल्लाना जास्त नटवं, लग्नपत्रिकेकडे झुकणारं, तुमच्या कामाचं वाटत नाही. ‘यात्रा वन’ मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. देखणा आहे, पण त्यात पेंटरचा हात दिसतो, मुलाचा नाही.

कुठलाही फॉन्ट पसंत करण्याआधी त्यात एक ओळ टाइप करून बघा. वर्णमाला नको, कारण तिच्यात सगळेच फॉन्ट पास होतात. माझी ओळ अशी: ‘कुऱ्हाड, आचाऱ्यांनी, बॅट, ॲप, ऑफिस, मळा, महाराष्ट्र, त्र्यंबक, उद्घाटन, हृदय, रूप, मूर्तींना, ज्ञानेश्वर’. पुष्कळ फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात आणि मराठी नंतर जोडलेली असते, ते इथेच उघड होतं. ‘आचाऱ्यांनी’मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा यायला हवा. तो जमला नाही तर हलन्त पाय मोडून पडतो किंवा डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘ॲ’साठी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, वेगळी जागा २००८ साली आली, म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामी चौकट दिसते. ‘मूर्तींना’मध्ये रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसतात. ते एकमेकांत घुसत असतील तर फॉन्ट कितीही गोड असो, बाजूला ठेवा.

इंदुरात आणखी एक पेच आहे. आपली मुलं शाळेत हिंदी वाचतात, घरी मराठी, आणि पत्रकावर बहुधा दोन्ही येतात. मराठी वळणाचा ल पाकळीचा आणि श देठाचा, तर हिंदीतला ल दांड्याचा. युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच आहे, फरक फक्त फॉन्टनं दाखवायचा असतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की रूप आपोआप बदलतं. वेबपानावर किंवा इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा नोंदवता येते, पण कित्येक ॲपमध्ये तशी सोयच नाही. माझं मत विचाराल तर शिबिराच्या मराठी नाटकाला पाकळीचाच ल हवा. मुलं अडखळत नाहीत. उलट आजीच्या पत्रातला ल पोस्टरवर दिसला याचीच त्यांना मजा वाटते.

आता बहिणीचं अक्षर. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण लोक नेमकं उलट्या बाजूनं सुरू करतात. इंटरनेटवरून चौकटींचा तक्ता उतरवतात, प्रत्येक चौकटीत एकेक अक्षर भरतात, स्कॅन करून एखाद्या साइटवर चढवतात आणि मग ‘स्त्री’ टाइप केल्यावर स, त आणि र हलन्तासकट वेगळे उभे राहिले की वैतागतात. तो तक्ता रोमन लिपीच्या हिशेबानं केलेला असतो, जिथे अक्षरं शेजारी ठेवली की शब्द होतो. आपल्याकडे अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं, आणि ती बदलाबदली फॉन्टच्या आत नियम लिहून बसवावी लागते.

बहिणीला वर्णमाला लिहायला सांगूच नका. वर्णमाला लिहिताना माणूस परीक्षेला बसल्यासारखा ताठ होतो. तिला शब्द आणि वाक्यं द्या: ‘मामाच्या गावाला’, ‘खाऊ कुठे आहे’, ‘पडदा उघडू नका’, ‘टाळ्या वाजवा’. एकच मार्कर, गोल टोकाचा. अक्षराची उंची दोन-अडीच सेंटीमीटर, कागद गुळगुळीत, म्हणजे शाई फुटत नाही. मोबाइलनं फोटो काढला की कडेची अक्षरं वाकतात, म्हणून ६०० डीपीआयवर स्कॅनच करा. त्या पानांतून एकेका अक्षराचे तीन-चार नमुने निवडता येतील.

गोल टोकाचा मार्कर सुचवण्याला कारण आहे. बोरूची किंवा चपट्या ब्रशची रेघ दिशेप्रमाणे जाड-बारीक होते, आणि देवनागरीच्या बोरूचा काप रोमन कलमाच्या उलट बाजूला असतो. चपटं पेन चुकीच्या बाजूनं धरलं की जाडी भलत्या जागी येते आणि अक्षर परकं दिसतं. गोल टोकाच्या एकसारख्या जाडीत हा प्रश्नच उरत नाही, आणि मुलांच्या हातातही मार्करच असतो.

नमुने हातात आले की शिरोरेषेचं काय करायचं ते आधी ठरवा. बाकी सगळं त्यावरून ठरतं. तीन रस्ते आहेत.

पहिला, शिरोरेषा नाहीच. गुजरातीसारखं मोकळं, उड्या मारणारं अक्षर मिळतं. शब्द जोडण्याची कटकट नाही, करायला सगळ्यात सोपं. पण ध, भ आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटलेली असते, आणि घ-ध, म-भ, य-थ वेगळे वाटण्यात त्या तुटीचा मोठा वाटा असतो. रेघच काढून टाकली की ती खूण जाते. मग ध-भच्या डोक्यावरची गाठ मुद्दाम मोठी करावी लागते, इतकी की सुटं अक्षर बघताना अतिशयोक्ती वाटावी. ‘ख’ तर रेघ असतानाही फसवतो. र आणि व यांच्यात खाली दुवा नसेल तर तुमच्या स्टॉलवर ‘रवाऊ’ मिळेल.

दुसरा, प्रत्येक अक्षराची आपापली तुटक रेघ, मध्ये बारीक फट. कागदावर मुलं पुष्कळदा असंच लिहितात. यात रेघा थोड्या तिरक्या, वर-खाली चालतात. दिसायला सगळ्यात खेळकर आणि करायला मध्यम अवघड. एकच जपायचं: शब्दांमधली जागा या फटींपेक्षा ठळकपणे मोठी हवी, नाहीतर ओळ म्हणजे सुटी अक्षरं होतात. पहिल्याच फॉन्टसाठी मी हाच रस्ता सांगेन.

तिसरा, अखंड पण डुलणारी रेघ. सगळ्यांना हीच हवी असते आणि इथेच सगळे अडकतात. बहिणीनं लिहिलेल्या ‘गंमत’ शब्दाची रेघ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत चढत गेलेली असते. पण फॉन्टमधल्या ‘म’ला शेजारी कोण येणार हे ठाऊक नसतं. म्हणून नियम असा करायचा की प्रत्येक अक्षराच्या डाव्या आणि उजव्या टोकाला रेघेची उंची आणि जाडी ठरलेली, तसूभरही इकडेतिकडे नाही. डुलायचं ते अधेमध्ये, अक्षराच्या डोक्यावर. समजा १००० एककांच्या चौकटीत रेघ ७० एकक जाड आहे, तर टोकाला ती बरोबर ७० हवी, मध्ये ६० ते ८५ झाली तरी चालेल, थोडी वाकली तरी चालेल. शिवाय दोन्ही बाजूंनी रेघ अक्षराच्या हद्दीबाहेर दहा-पंधरा एकक जाऊ द्यायची, म्हणजे शेजारची रेघ तिच्यावर चढते आणि छपाईत केसाएवढी पांढरी फट राहत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात इतकंच आहे: खोडी एका ठिकाणी करायची, बाकी सगळीकडे कडक राहायचं. रेघ डुलते आहे तर काने सरळ ठेवा. अक्षरं वर-खाली उड्या मारताहेत तर जाडी एक ठेवा. सगळंच वाकडं केलं की वाचणाऱ्याला गंमत दिसत नाही, गोंधळ दिसतो. आपल्या इंदूरचे विष्णू चिंचाळकर गुरुजी काड्या, पानं, टाकाऊ तुकडे घेऊन त्यांतून चेहरे उभे करत. त्या कामात काडी काडीच राहते, ती कुठे ठेवायची एवढीच करामत असते. बहिणीच्या अक्षराशी तसंच वागा. तिचा ‘ह’ पोट काढून चालत असेल तर ते पोट राहू द्या. त्याला गुळगुळीत करू नका आणि बाकीच्या अक्षरांना उसनी पोटंही लावू नका.

हातानं लिहिल्यासारखं वाटायचं तर तेच अक्षर पुन्हा आलं की थोडं वेगळं दिसायला हवं. ‘मामा’, ‘काका’, ‘दादा’ या शब्दांत जुळी अक्षरं लगेच पकडली जातात आणि फॉन्टचं बिंग फुटतं. यासाठी फॉन्टमध्ये पर्यायी रूपं ठेवून ती संदर्भाप्रमाणे आळीपाळीनं आणण्याची सोय आहे, कॉन्टेक्स्च्युअल अल्टरनेट्स. लोक उत्साहानं प्रत्येक अक्षराची तीन रूपं काढायला घेतात आणि महिन्याभरात काम सोडून देतात. आधी फक्त काना घ्या. मराठी मजकुरात काना इतका दाट येतो की एकसारखे उभे दांडे डोळ्याला सगळ्यात आधी खुपतात. कान्याची तीन रूपं केली, एक किंचित डावीकडे कललेलं, एक जरा आखूड, एक खाली सुटलेलं, तर निम्मा परिणाम तिथेच मिळतो. मग र, त, क, न, स, म यांना दुसरं रूप द्या आणि थांबा. नियम लिहिताना वर-खाली बसणाऱ्या मात्रा आणि उकार वगळून शेजारी बघायला सांगायचं, नाहीतर ‘केके’ आणि ‘कुकु’मध्ये आळीपाळी चुकते.

जोडाक्षरांचं फार भय बाळगू नका. उजवीकडे काना असलेल्या अक्षरांचा काना काढला की अर्धं अक्षर तयार: ग, त, न, प, म, ल, स ही मंडळी स्वस्तात सुटतात. खरी मेहनत गोल पोटाच्या, बिनकान्याच्या अक्षरांना: ट, ठ, ड, ढ, द, ह. पण ‘गट्टी’, ‘चिठ्ठी’, ‘लाडू-भेंड्या’ यांच्याशिवाय मुलांचं पत्रक होत नाही, तेव्हा ट्ट, ठ्ठ, ड्य, ढ्य, द्द, द्ध, द्व, द्य, ह्य, ह्म, हृ एवढी हातानं काढाच. त्यांच्या जोडीला क्ष, ज्ञ, श्र, त्र, क्त, त्त, ष्ट, ष्ट्र, स्त्र आणि ऱ्य, ऱ्ह. ‘ङ्क्त’सारखी पाहुणी जोडाक्षरं हलन्त दाखवून निभावली तर खेळकर फॉन्टमध्ये कोणी भांडायला येणार नाही.

पहिल्या वेलांटीची मात्र चार-पाच वेगवेगळ्या रुंदीची रूपं लागतात. तिची कमान पुढच्या अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचली पाहिजे. ‘रि’ची वेलांटी ‘क्षि’ला लावली तर ती अर्ध्यात लटकते, आणि हे वाकडेपण गोड दिसत नाही, तुटलेलं दिसतं. मात्रा, रफार आणि अनुस्वार यांच्या जागा प्रत्येक अक्षरावर अँकर, म्हणजे जोडायचा बिंदू, टाकून पक्क्या करायच्या. वरची उंची जपून ठरवा. ती कमी पडली तर काही ॲप ‘र्कीं’चा वरचा शेंडा सरळ छाटून टाकतात.

आकडे दोन्ही करा, देवनागरी आणि इंग्रजी. इथे फोन नंबर इंग्रजी आकड्यांत वाचायची सवय आहे, आणि देवनागरी ५, ८ यांची वळणंही मराठीत आणि हिंदीत वेगळी दिसतात.

साधनांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फॉन्टफोर्ज फुकट आहे. दिसायला जुनाट, पण काम पूर्ण करतं. मॅक असेल तर ग्लिफ्स हाताला सुखाचं, त्याला पैसे पडतात. अर्धी अक्षरं आणि रफार यांचे नियम जुळलेत का ते फक्त त्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत बघून मानू नका. फॉन्ट मोबाइलवर, ब्राउझरमध्ये आणि वर्डमध्ये टाकून वरची कसोटीची ओळ तिन्हीकडे बघा. आणि बहिणीला आधीच विचारून ठेवा की फॉन्ट फुकट वाटायचा की शिबिरापुरताच ठेवायचा. अक्षर तिचं, हक्क तिचा. फुकट वाटायचा असेल तर ओपन फॉन्ट लायसन्स लावा. मात्र सोपं पडावं म्हणून ‘बालू’ किंवा ‘कलम’ची अर्धी अक्षरं उचलून आपल्यात मिसळलीत, तर तुमचा फॉन्टही त्याच लायसन्सखाली राहतो आणि नाव वेगळं ठेवणं बरं.

वापरताना एक गोष्ट हमखास बिघडते. पोस्टरवर शब्द रुंद दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात. इंग्रजीत ते चालतं. आपल्याकडे अखंड रेघेच्या फॉन्टमध्ये तसं केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि वेलांट्या आपापल्या अक्षरांपासून सुटतात. मोठं दिसायला हवं तर आकार वाढवा. सावली, बाहेरची कडा, इंद्रधनुषी रंग यांपैकी एकच काहीतरी घ्या, कारण फॉन्ट मुळातच बोलका आहे. पत्ता, वेळ, फी, पालकांसाठी सूचना हे सगळं ‘मुक्ता’सारख्या सरळ फॉन्टमध्ये ठेवा. खेळकर अक्षर नाटकाच्या नावाला आणि दोन-चार आरोळ्यांना, बस.

राहिला फ्लेक्सवाला. तो वाईट नाही, त्याची सवय जुनी आहे. कृतिदेव युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा फॉन्ट आहे. त्यात मराठी-हिंदी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट बदलला की मजकुराची जागा इंग्रजी अक्षरांची खिचडी घेते. तुम्ही निवडलेले सगळे फॉन्ट युनिकोडचे आहेत, त्याचा कृतिदेवमधला मजकूर त्यांत चालणार नाही, आणि तुमचा मजकूर त्याच्या कोरलड्रॉ या चित्रं-मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडला तर वेलांट्या उड्या मारतील. तेव्हा त्याला मजकूर देऊच नका, फॉन्टही देऊ नका. मांडणी तुमच्याकडे पूर्ण करा. इलस्ट्रेटरमध्ये करत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर निवडल्याशिवाय जोडाक्षरं जुळत नाहीत. मजकूर पक्का झाला की त्याची एक प्रत जपून ठेवा, दुसऱ्या प्रतीतली अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदला, चढलेल्या रेघा एकत्र करून घ्या, नाहीतर कडा दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर आडवी-उभी रेष दिसते. मग पीडीएफ करून पाठवा. छापण्याआधी तो मोबाइलवर प्रूफ पाठवेल. त्यात रंग नंतर बघा, आधी नाटकाचं नाव आणि ‘खाऊ’चा ख बघा.